तीन फुटांच्या टाकीत भांडखोर मासे: मुंबईच्या घरातली पहिली मरीन टाकी

क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात समुद्री माशांच्या टाक्यांपुढे उभं राहिलं, की डोळे ज्याच्यावर खिळतात तो मासा बहुतेक वेळा भांडखोर निघतो. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा रॉयल डॉटीबॅक. खडकाच्या टोकावर बसून रोखून बघणारा लालभडक फ्लेम हॉकफिश. विषारी काट्यांचा पिसारा पसरून जागच्या जागी तरंगणारा लायनफिश. हे मासे चौकस असतात, धीट असतात, जेवण देणारा माणूस थोड्याच दिवसांत ओळखायला लागतात. समुद्री माशांत मला हेच सगळ्यात जास्त आवडतात. म्हणूनच नवशिक्यांच्या घरी ते हकनाक मरतात तेव्हा फार वाईट वाटतं. कारण बहुतेकदा एकच असतं: आधी टाकी येते, मग हौसेने मासे येतात, आणि कोणाला किती जागा लागते याचा हिशोब सगळ्यात शेवटी होतो.

हा क्रम उलटा करा. आधी मासा ठरवा, मग त्याच्यासाठी टाकी मांडा. खालचं सगळं मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरून सांगणार आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण १९० लिटर पाणी मावतं. याहून लहान टाकीत भांडखोर मासे ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मार खाणाऱ्याला पळायला जागा उरत नाही, आणि पाणी कमी असलं की तापमान, क्षारता (मिठाचं प्रमाण), अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) सगळंच झपाट्याने बिघडतं.

हे मासे भांडतात कशावरून?

प्रवाळाच्या खडकावर प्रत्येक माशाचं एक ठाणं असतं. कुणाची कपार, कुणाचा शेवाळाचा तुकडा, कुणाची अंडी घालायची जागा. दुसरा आत शिरला की मालक धावून जातो, दुसरा चार-पाच हात लांब पळतो आणि विषय तिथेच संपतो. टाकीत मात्र पळणारा काचेला धडकतो आणि पुन्हा त्याच मालकाच्या हद्दीत येतो. मालकाच्या दृष्टीने तो अजून गेलेलाच नसतो, म्हणून मारामारी थांबत नाही. समुद्रात जे दोन सेकंदांत मिटतं ते घरात दिवसभर चालतं आणि शेपटीच्या चिंध्या होतात.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. जो आधी येतो तो मालक होतो. आकार, रंग किंवा खाणं सारखं असलेल्या माशावर राग जास्त निघतो. आणि लपायच्या जागा जितक्या जास्त, नजरेची रेघ जितकी जास्त ठिकाणी तुटलेली, तितका राग कमी. पुढची निम्मी कामं या तीन गोष्टींवरच उभी आहेत.

मासा ठरवा

तीन फुटांत काय नाही बसणार ते आधी. दुकानात तीन इंचांचा दिसणारा क्लाउन ट्रिगर मोठेपणी ५० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या टाकीच्या रुंदीपेक्षा जास्त. मोठा लायनफिश फूटभराच्या पुढे जातो. ग्रूपर, म्हणजे आपला हेकरू आणि त्याची भावंडं, यांचा तर विचारही नको. मोरे ईलसुद्धा नको. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, आणि तिथे फिरलेल्या कितीतरी मुंबईकरांच्या डोक्यात मरीन टाकी म्हणजे असे दांडगे मासे हेच चित्र पक्कं बसलंय. ते सार्वजनिक मत्स्यालयात शोभतं. “लहान आहे तोवर ठेवू, मग बघू” म्हणणाऱ्या माणसाला मोठा झालेला ट्रिगर परत घेणारं दुकान सहसा सापडत नाही.

तीन फुटांत माझ्या मते दोन मांडण्या नीट चालतात.

पहिली, छोट्या दादांची टाकी. एक फ्लेम हॉकफिश, एक डॉटीबॅक, एक यलोटेल डॅमसेल आणि एक मरून क्लाउन. चार मासे, चार वेगळे आकार, चार वेगळे रंग. यातला मरून क्लाउन हा खरा बॉस. क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. मरून क्लाउनची मादी १५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि काच पुसायला घातलेल्या हाताला कडकडून चावते. डॉटीबॅकमध्ये ऑर्किड डॉटीबॅक त्यातल्या त्यात सौम्य आणि रॉयल जास्त तापट; नवशिक्याने ऑर्किड घ्यावा. डॅमसेल घेताना डोमिनो किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे घेऊ नका. लहानपणी गोड दिसतात, वर्षभरात टाकीचा ताबा घेतात.

दुसरी, एकट्या शिकाऱ्याची टाकी. फझी ड्वार्फ लायनफिश, साधारण १५ ते १७ सेंटिमीटर. हा कुणाशी भांडत नाही, पण तोंडात मावेल ते सगळं गिळतो आणि त्याच्या तोंडात आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच मावतं. त्याला एकटा ठेवा. ही टाकी सांभाळायला पहिलीपेक्षा सोपी, कारण त्यात सोबतीचा प्रश्नच येत नाही. घरात हात घालणारी लहान मुलं असतील तर मात्र घेऊ नका. त्याच्या पाठीवरचे, पोटाखालचे आणि शेपटीजवळचे काटे विषारी असतात. शिंगाळ्याचा काटा लागलेल्या कोळ्याला विचारा, कळ काय असते ते; ही त्याच जातीची कळ. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची, कारण उष्णतेने विषातली प्रथिनं निकामी होतात. पाणी किती गरम आहे हे न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर वर भाजायचं. आणि सोबतच डॉक्टर गाठायचा. श्वास लागला, चक्कर आली, सूज वर चढली तर थेट रुग्णालय.

पफर मासे फार लोभस दिसतात, पण त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि इतरांचे कल्ले कुरतडायची त्यांना सवय असते. पहिल्या टाकीत नकोत.

जागा आणि जमीन

पाणी, काच, खडक, स्टँड आणि खालची सम्प टाकी (गाळणीची सामग्री ठेवायची जोडटाकी) धरून वजन तीनशे किलोच्या घरात जातं. आपल्याकडे राहत्या घराच्या मजल्यासाठी आय.एस. ८७५ या मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. तो अख्ख्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे चांगल्या आरसीसी इमारतीत बीमला लागून, भिंतीकडेला ठेवलेली तीन फुटी टाकी सहसा अडचणीची नसते. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत किंवा स्लॅबला तडे गेलेल्या इमारतीत इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मांडू नका. खालच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवा. गळतीच्या दिवशी ओळख करून घेण्यापेक्षा ते बरं.

खिडकीचं ऊन टाळा. लोखंडी स्टँड घेतलात तर पावडर कोटिंग केलेला घ्या, आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर दरवर्षी हात फिरवून बघा. खारं पाणी आणि मुंबईची हवा मिळून लोखंड लवकर खातात.

उकाडा: मुंबईतली सगळ्यात मोठी अडचण

परदेशी लोकांनी लिहिलेल्या माहितीत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे हीटर जानेवारीच्या चार गार रात्रींपुरता लागतो. खरी लढाई थंड ठेवण्याची आहे. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं. मे महिन्यात घरात ३३ अंश असतात, पंप आणि दिवे त्यात आणखी भर घालतात, आणि पाणी ३१-३२ वर जाऊन बसतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा तो आधीच कमी असतो, आणि माशाची भूक व श्वास मात्र उष्णतेने वाढतात. खाण्यापिण्यात दांडगे असलेले हे मासे इथेच गुदमरतात.

पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतो. पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. पण जून लागला की हवाच ओली होते, वाफ होत नाही, आणि पंखा नुसताच फिरत राहतो. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातही त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. घरात दिवसरात्र एसी चालत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यावाच लागेल. खर्चाचा हिशोब मांडताना पहिली रक्कम चिलरसाठी बाजूला काढा, मग टाकीची काच आणि दिवे बघा. एवढ्या पाण्याला एक दशांश हॉर्सपॉवरचा चिलर पुरतो असं सांगतात. खोली तापणारी असेल, वरचाच गच्चीचा मजला असेल, तर एक माप मोठा घ्या. छोटा चिलर अखंड चालतो, बिल जास्त येतं आणि लवकर मरतो. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता बाहेर फेकतो. कपाटात ती कोंडली की पुन्हा पाण्यातच येते. बाल्कनीच्या किंवा खिडकीच्या बाजूला तोंड करून ठेवा.

याच कारणाने वर काचेचं झाकण नको, जाळी हवी. जाळी मात्र अत्यावश्यक. डॉटीबॅक आणि हॉकफिश दोघेही उड्या मारतात, आणि एखादा बॉस मागे लागला की उडी वरच जाते. मच्छरदाणीसारखी बारीक पारदर्शक जाळी चौकटीत ताणून बसवा आणि कोपऱ्यातल्या पाइपांच्या फटी बुजवा.

विजेचं म्हणाल तर मुंबई नशीबवान आहे, पण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा: ग्रीड बंद पडली आणि बरीचशी मुंबई काही तास अंधारात होती. बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात चार्ज करून ठेवा. वीज गेल्यावर तापमानाआधी प्राणवायू संपतो.

सॉकेट पाण्याच्या पातळीच्या खाली असतील तर प्रत्येक वायरला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जाणार नाही. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करा. खाऱ्या पाण्यातून वीज छान वाहते, आणि त्यात तुमचाच हात असतो.

पाणी

गिरगाव चौपाटीवरून किंवा जुहूवरून पाणी आणायचा मोह होतो. समुद्र दारात आहे, फुकट आहे. आणू नका. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आहे, तेल आहे, आणि पावसाळ्यात क्षारता कितीतरी खाली जाते.

महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं, मुळात चांगलं आहे, पण त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात गढूळपणा वाढतो. म्हणून आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, टप्पा लावा. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) २०-५० दाखवतं आणि बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. आपल्याला मीटरवर शून्य हवं. जूनमध्ये तलाव आटले की पाणीकपात येते, म्हणून खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा ५० लिटरचा पिंप कायम भरलेला ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि संडासात वापरा. पाणीकपातीच्या शहरात ते ओतून द्यायला जीव होऊ नये.

मीठ रीफ सॉल्ट नावाने मिळतं तेच. रेड सी, इन्स्टंट ओशन ही नावं मुंबईत सहज मिळतात. खायचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट नाही. एका लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीला साडेसहा-सात किलो. ते वेगळ्या बादलीत किंवा पिंपात पंप लावून रात्रभर ढवळा, मासे असलेल्या टाकीत थेट कधीच टाकू नका. उघडी गोणी पावसाळ्यात दगड होते, म्हणून आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजा: ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे १.०२५-१.०२६ घनता. तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर भरवशाचा नाही. रिफ्रॅक्टोमीटरही ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर लावून घ्यायचा असतो.

एक गोष्ट नवीन लोकांच्या पटकन ध्यानात येत नाही: वाफ होतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची घट फक्त आरओच्या गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही. पंखा चालू असेल तर रोज दोन-तीन लिटर जातात. हे हाताने करता येतं, पण ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) लावलात तर क्षारता सकाळ-संध्याकाळ हलत नाही.

खडक, आणि कायदा

खडक म्हणजे माशांची घरं आणि पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचीही. इथे सावध राहा. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्री पंखे हे सगळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यात येतो. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही संरक्षित आहेत. “लाइव्ह रॉक” म्हणून विकला जाणारा समुद्रातला खडक बहुतेकदा प्रवाळाचाच असतो. दुकानदार काहीही म्हणो, नको म्हणा. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला फिरताना खिशात काही टाकू नका. मुंबईच्या त्याच किनाऱ्यावर प्रवाळ जगतं, आणि कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी-हाजी अलीचं प्रवाळ २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावं लागलं होतं. कृत्रिम सिरॅमिक खडक घ्या. थोडा महाग वाटतो, पण सच्छिद्र असतो आणि सोबत नको ते प्राणी आणत नाही.

खडक आधी तळाच्या काचेवर टेकवा, मग वाळू टाका. काही मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला ढीग कलतो. एकच लांब भिंत न उभारता दोन वेगळे डोंगर रचा, मध्ये मोकळी वाट ठेवा, प्रत्येक डोंगरात आरपार जाणारी दोन-तीन बिळं ठेवा. एका टोकाला बसलेल्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. खडक इपॉक्सी पुट्टीने जोडून टाका. हॉकफिशसाठी वर एक उंच, सपाट टोक ठेवा. त्याच्या अंगात तरंगायला लागणारी हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो तरंगत नाही, बसतो. ती जागा त्याची होते. लायनफिशला दिवसा उलटं लटकायला कपारीची सावली लागते.

वाळू दोन-तीन सेंटिमीटर पुरे.

गाळणी

भांडखोर मासे मांस खातात, भरपूर खातात, आणि तितकीच घाण करतात. म्हणून प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र, टाकीच्या मापाचा नको, दुप्पट क्षमतेचा घ्या. खाली सम्प असेल तर स्किमर, हीटर, चिलरचा पंप सगळं तिथे जातं आणि पाणीही वाढतं. दोन वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारे पंप) समोरासमोर. प्रवाळ ठेवत नसल्याने महागड्या दिव्यांची गरज नाही. साधा एलईडी चालतो आणि उष्णताही कमी देतो.

जिवाणू तयार होईपर्यंत थांबा

दुकानात हमखास सांगतील: “आधी चार डॅमसेल टाका, ते मरत नाहीत, टाकी तयार होते.” हा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. एक तर ते अमोनियात जळतात, कल्ले कायमचे खराब होतात. आणि जगलेच तर ते पहिले रहिवासी असतात, म्हणजे मालक. मग तुम्हाला हवा असलेला मासा आणलात की हेच त्याला मारतात, आणि खडकातून त्यांना बाहेर काढायचं म्हणजे सगळा डोंगर मोडावा लागतो.

माशांशिवाय करा. टाकी भरून, पंप चालू करून, बाटलीतले नायट्रिफाइंग जिवाणू घाला आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या. ते नसेल तर कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत लटकवून कुजू द्या. वास येतो, पण काम होतं. जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं बरंच निरुपद्रवी नायट्रेट. २६-२७ अंशांना चार ते सहा आठवडे धरा. दोन पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात, तेव्हा टाकी तयार. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून “थोडासा आहे, चालेल” असं इथे नसतं. शेवटी निम्मं पाणी बदला.

या आठवड्यांत भिंती तपकिरी होतील. डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, आपोआप जातं.

मासा घेताना

दुकानदाराला मासा समोर खाऊ घालायला सांगा. जो खात नाही तो घेऊ नका, कितीही सुंदर असो. काही देशांत रीफवरचे मासे सायनाइडने गुंगवून पकडतात. असा मासा दिसायला ठीक असतो, खातही असतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आतून खचतो. म्हणून आल्या आल्या न घेता तो दुकानात दोन आठवडे टिकल्यावर घ्या. टाकीत जन्मलेला मासा मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या. क्लाउन आणि डॅमसेलच्या बऱ्याच जातींची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केलेली आहे, त्यामुळे देशात वाढवलेले क्लाउन मागणं अवास्तव नाही. असे मासे घरच्या अन्नाला सरावलेले असतात.

घरी आणल्यावर थेट मोठ्या टाकीत नाही. ४०-५० लिटरची साधी क्वारंटाइन टाकी, स्पंज फिल्टर, प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे, वर जाळी. चार आठवडे. बऱ्याच दुकानांत मीठ वाचवायला पाणी पातळ ठेवतात, १.०१८-१.०२० सुद्धा, पिशवीतलं पाणी मोजा आणि क्वारंटाइन टाकी तितकीच ठेवून पुढे काही दिवसांत हळूहळू वर न्या. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, श्वास जलद झाला, खडकाला अंग घासायला लागला, तर बहुधा क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी, ज्याच्या रोगाला दुकानात व्हाइट स्पॉट म्हणतात. औषध तांबं, ते क्वारंटाइनमध्येच, कॉपर टेस्ट किटने रोज मोजून. मोठ्या टाकीत तांबं घातलं तर खडक आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे शिंपले-खेकडे कधीच जगत नाहीत. आजार मोठ्या टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. चार आठवडे त्यापेक्षा खूप स्वस्त.

कोण आधी, कोण शेवटी

सगळ्यात गरीब आधी, बॉस शेवटी. वरच्या यादीत यलोटेल डॅमसेल आणि हॉकफिश आधी, मग डॉटीबॅक, आणि मरून क्लाउन सगळ्यांच्या मागून. दोघांमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर, म्हणजे जिवाणूंनाही वाढलेली घाण झेपते.

नवा मासा सोडण्याआधी दोन-चार खडक हलवा. जुन्या माशांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नवे होतात. मग नवा मासा भोकं पाडलेल्या पारदर्शक अॅक्रिलिकच्या पेटीत ठेवून ती टाकीच्या आत काठाला अडकवा. जुने येऊन काचेवर तोंड आपटतील, पिसारा फुलवतील, आपटू दे. साधारण चार-पाच दिवसांत त्यांचा रस कमी होतो. नव्याला पेटीतच खाऊ घाला. दिवे बंद करून, जुन्यांना पोटभर खायला घालून, संध्याकाळी सोडा.

एखादा तरीही ऐकत नसेल तर टाकीच्या बाहेरून एका बाजूला आरसा लावा. तो स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंजत बसतो आणि नव्याला दोन दिवस मिळतात. तेवढ्यापुरताच; कायम आरसा ठेवला तर तोच थकतो. आणि नव्याने खाणं सोडलं, कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ अडकून राहिला, शेपटी फाटत चालली, तर आणखी वाट बघू नका. पेटीत मारकुट्याला टाका, मार खाणाऱ्याला नाही. आठवडाभर मालक कोंडलेला राहिला की बाकीचे आपापल्या जागा पक्क्या करतात.

गोड्या पाण्यातल्या आफ्रिकन सिक्लिडवाल्यांची एक युक्ती तुमच्या कानावर येईल: इतके मासे टाका की कुणा एकावर राग निघणार नाही. लहान मरीन टाकीत ती करू नका. प्राणवायू आणि गाळणी दोन्ही कमी पडतात.

खाणं: इथे मुंबईकराला फायदा आहे

जगात कुठेही फ्रोझन डब्यात मिळणारं अन्न आपल्याकडे कोपऱ्यावर टोपलीत असतं. कोळीण मावशींना सांगा की घरच्या माशांना घालायचंय, थोडं थोडं सगळं द्या: चार कोळंब्या, एक लहान माकूल, मूठभर तिसऱ्या, थोडी करदी. मीठ-हळद काही न लावता घरी स्वच्छ धुवा, कोळंबी सोलून, माकूल सोलून बारीक चिरा, तिसऱ्यांचं मांस काढा. पातळ थरात पिशवीत पसरून किमान आठवडाभर डीप फ्रीझ करा. बरेचसे परजीवी मरतात. घालताना लागेल तेवढा तुकडा मोडून आरओच्या पाण्यात वितळवा आणि ते पाणी फेकून द्या.

सुकट, सुका जवळा, खारवलेलं काहीही नको. फक्त कोळंबीवर ठेवू नका. कोळंबीत आणि काही माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. बदलून बदलून घाला आणि आठवड्यातून दोनदा जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवा. गोल्डफिश, गप्पी जिवंत सोडणं सगळ्यात वाईट: चरबी समुद्री माशाला मानवत नाही, रोग येतात, आणि शिकाऱ्याला फक्त हलणारं खायची सवय लागते.

डॅमसेल, डॉटीबॅक, क्लाउन यांना दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. डॅमसेल आणि क्लाउनला शेवाळ-स्पिरुलिनाचे दाणेही हवेत. सगळ्यांना एकाच कोपऱ्यात न घालता दोन टोकांना एकदम टाका, म्हणजे बॉसला दोन्हीकडे उभं राहता येत नाही.

लायनफिशला आठवड्यातून तीनदा पुरे. दुकानातून आल्यावर तो बहुधा मेलेलं अन्न ओळखतच नाही. लांब प्लास्टिकच्या काडीच्या टोकाला माकुलाची पट्टी लावून त्याच्यासमोर हलकेच थरथरवा, संध्याकाळी, मंद प्रकाशात. काहींना दोन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. पोट किंचित गोलसर दिसावं. फुगलेलं दिसत असेल तर कमी करा, कारण पाळलेले लायनफिश उपाशी कमी आणि खाऊन खाऊन जास्त मरतात.

आठवड्याचं काम, आणि गणपतीला गावी जाताना

दर आठवड्याला २०-२५ लिटर पाणी बदला, तापमान आणि क्षारता जुळवून. स्किमरचा कप धुवा, काच पुसा, नायट्रेट मोजा. फक्त मासे असलेल्या टाकीत ते ४० पीपीएमच्या खाली राहिलं तरी ठीक. टाकीत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी लायनफिश कुठे आहे ते बघा, लांब चिमटा वापरा, आणि तो दिसत नसेल तर हात घालूच नका. मासा नको झाला तर दुकानात किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्या. समुद्रात सोडू नका. इंडो-पॅसिफिकचे लायनफिश १९८५ पासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसायला लागले, आणि पुढे तिकडच्या स्थानिक माशांची पिलं खाऊन त्यांनी केवढं नुकसान केलं ते जगाने पाहिलंय. आपल्याकडचाच मासा असला तरी टाकीतला रोग तो समुद्रात नेतो.

गणपतीला कोकणात जायचं म्हणजे पाच-सात दिवस घर बंद. ड्वार्फ लायनफिशला तेवढा उपास सहज चालतो. छोट्या दादांना दोन-तीन दिवसांआड कुणीतरी घालायला हवं, नाहीतर भुकेने भांडणं वाढतात. शेजारच्या काकूंना रोजच्या मापाच्या पुड्या कागदात बांधून, तारीख घालून द्या, आणि उरलेलं अन्न घरात दिसेल असं ठेवू नका. प्रेमाने जास्त घातलं जातं आणि पाणी नासतं. ऑटो टॉप-ऑफचा पिंप काठोकाठ भरा. चिलरची जाळी झाडून घ्या, टायमरवरचे दिवे तपासा. पाणी बदलायचं काम निघण्याच्या आदल्या दिवशी नको, तीन दिवस आधी. काही बिघडलं तर तुम्ही घरात असता. काकूंना एकच आकडा सांगा: थर्मामीटर २९ दाखवायला लागला की फोन करायचा.

परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी तापमान आणि क्षारता बघा आणि मासे मोजा. एखादा कमी भरला तर त्याच रात्री टॉर्च घेऊन खडकांमागे आणि टाकीच्या मागच्या जमिनीवर शोधा. मेलेला मासा सकाळपर्यंत पाण्यात राहिला तर अमोनिया वाढतो, आणि मग बाकीचेही हाती लागत नाहीत.